रॅम्पच्या तोंडाशी अडलेली तीनचाकी आणि परत आलेला प्रस्ताव

पत्र (संक्षिप्त): मी हिंगोली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. माझ्या एका माजी विद्यार्थ्याला लहानपणी पोलिओ झाला होता. तो हाताने चालवायच्या तीनचाकी सायकलवर सगळीकडे फिरतो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तो एका सरकारी कार्यालयात गेला. तिथे रॅम्प होता, पण तीनचाकी त्यावर चढेना. शेवटी ती खालीच ठेवून तो हातांवर सरकत पायऱ्या चढला. त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही. ‘मराठवाड्यातील सार्वजनिक इमारतींच्या सुगम्यतेचा अभ्यास’ असा प्रस्ताव मी एका सरकारी संस्थेकडे पाठवला होता: 8 जिल्हे, 400 इमारती, 2 वर्षे, 24 लाख रुपये. ‘व्याप्ती फार मोठी, पद्धती अस्पष्ट’ एवढ्या एका ओळीनिशी तो परत आला. आता पुन्हा अर्ज करायचा आहे. कोणत्या योजनेत करावा? मी अभियंता नाही, हे आड येईल का? आमच्या महाविद्यालयात नीतिशास्त्र समिती, म्हणजे संशोधनात सहभागी होणाऱ्या माणसांचे हित जपले जाते का ते पाहणारी समिती, नाही. शिवाय एक सल्लागार मंजूर रकमेच्या 10 टक्के घेऊन काम करून देतो म्हणतात. त्यांना द्यावे का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, म्हणजे तो बाजूला होईल. त्या सल्लागारांना काहीही देऊ नये. अनुदानाची रक्कम खर्चाच्या ज्या शीर्षांखाली मंजूर होते त्यांत ‘मंजुरी मिळवून दिल्याबद्दल’ असे शीर्ष नसते, त्यामुळे ते 2 लाख 40 हजार रुपये आपल्याला एकतर स्वतःच्या पगारातून द्यावे लागतील किंवा खोट्या पावत्यांनी दाखवावे लागतील, आणि दुसरी वाट धरली की उपयोगिता प्रमाणपत्रावर (पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्यावर) सही करताना प्राचार्यांचा आणि आपला दोघांचाही हात अडकतो. प्रस्ताव लिहिण्यात कुणाची मदत हवी असेल तर विद्यापीठातील अनुभवी सहकाऱ्याला सहसंशोधक म्हणून घ्यावे. त्यात लपवण्यासारखे काही नसते.

आता मूळ मुद्दा. आपण पत्रात आधी योजना विचारली आहे आणि प्रश्न मात्र ओघात, उदाहरण म्हणून सांगितला आहे. मी प्रस्ताव लिहिणारा म्हणूनही काम केले आहे आणि तपासणारा म्हणूनही, आणि माझे मत असे आहे की आपला खरा प्रस्ताव त्या उदाहरणातच आहे. परत आलेल्या कागदांत तो कुठेच नव्हता. ‘सार्वजनिक इमारतींची सुगम्यता’ हा विषय झाला. ‘रॅम्प असूनही तीनचाकी का चढली नाही’ हा संशोधनाचा प्रश्न झाला. तपासणारा माणूस 24 लाखांना 400 इमारतींनी भाग देतो, त्याला प्रत्येक इमारतीमागे 6,000 रुपये दिसतात, त्यातच संशोधन साहाय्यकाचे वेतन, प्रवास आणि अहवाल आला, आणि मग तो मनाशी म्हणतो की हे लोक बाहेरून फोटो काढून ‘रॅम्प आहे / नाही’ अशी खूण करून येणार. ‘पद्धती अस्पष्ट’ या शेऱ्याचा अर्थ बहुधा एवढाच होता.

म्हणून योजनांकडे वळण्याआधी एक दिवस त्या विद्यार्थ्याला बरोबर घेऊन त्याच कार्यालयात जा आणि मोजमाप करा. केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाने 2021 मध्ये काढलेल्या, इमारतींच्या सुगम्यतेविषयीच्या सुसंवादित मार्गदर्शक तत्त्वांत रॅम्पचा उतार 1:12 सांगितला आहे, म्हणजे 1 फूट चढायचे तर रॅम्प 12 फूट लांब हवा. कार्यालयाचे जोते 75 सेंटिमीटर उंच असेल तर 9 मीटर लांबीचा रॅम्प लागतो, मध्ये विसाव्याची सपाट जागा वेगळी. आपल्याकडे प्रत्यक्षात पायऱ्यांच्या कडेला जेवढी जागा उरते तेवढ्यात, तीन-साडेतीन मीटरमध्ये, सिमेंटचा उतार ओतून काम पूर्ण झाल्याची नोंद होते. तो उतार 1:4 च्या आसपास जातो. त्यावर भरलेली व्हीलचेअर ढकलणाराही धापा टाकतो, मग एकट्याने चढणाऱ्याची काय कथा.

इथे मराठवाड्यापुरता एक धागा आहे, जो पुण्या-मुंबईच्या अभ्यासात सापडणार नाही. आपल्याकडे काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पहिल्या दोन जोरदार पावसांत कार्यालयांच्या अंगणांतून पाणी साचते, म्हणून बांधणारा जोते उंच घेतो. जोते उंच झाले की रॅम्प लांब हवा, पण अंगणाची जागा तेवढीच, मग रॅम्प खडा होतो. हा माझा कयास आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही; तो मोजून तपासणे हेच आपल्या प्रकल्पाचे एक उद्दिष्ट होऊ शकते. त्याच काळ्या मातीमुळे रस्त्यापासून रॅम्पच्या पायथ्यापर्यंतचे वीस पावलांचे अंतर आषाढात चिखलाचे होते आणि तीनचाकीचे पुढचे चाक तिथेच रुतते. रॅम्प उत्तम असला तरी त्याच्यापर्यंत पोहोचता आले पाहिजे, हे इमारतीचा नकाशा पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

दुसरा धागा वाहनाचा. आपली मानके मुख्यतः व्हीलचेअर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहेत. खेड्यातला माणूस मात्र दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेच्या शिबिरात मिळालेल्या तीनचाकीवर येतो. ती व्हीलचेअरपेक्षा लांब असते, वळायला जास्त जागा घेते, आणि मुख्य म्हणजे तिचे पॅडल हाताने फिरवायचे असते. रॅम्पला दोन्ही बाजूंनी कठडा असावा असे मानक सांगते आणि ते योग्यच आहे, परंतु ज्या हातांनी पॅडल फिरवायचे आणि दिशा सांभाळायची त्याच हातांनी कठडा धरायचा कसा? यावर ‘दारात उतरून कार्यालयाची व्हीलचेअर घ्यावी’ असे उत्तर मिळेल. तर मग कार्यालयात व्हीलचेअर आहे का, ती कोणत्या खोलीत आहे, त्या खोलीची किल्ली कोणाकडे असते आणि ते शिपाई रजेवर असले की काय होते, हेही नोंदवा. माझ्या पाहण्यात एका ठिकाणी व्हीलचेअर होती, नवी कोरी, प्लॅस्टिकच्या वेष्टणासह, आणि तिच्यावर जुन्या फायलींचे गठ्ठे रचलेले होते.

असा विचार केला की प्रश्न एका वाक्यात बसतो: हाताने चालवायच्या तीनचाकीवरून येणारी व्यक्ती फाटकापासून ज्या खिडकीशी काम आहे तिथपर्यंत दुसऱ्याच्या मदतीशिवाय पोहोचते का, आणि पोहोचत नसेल तर नेमकी कुठे अडते? व्याप्तीही मग आपोआप आवाक्यात येते. हिंगोली जिल्ह्यात 5 तालुके आहेत: हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव. प्रत्येक ठिकाणी तहसील कार्यालय, पंचायत समिती, सरकारी रुग्णालय आणि एसटी स्थानक अशी 4 ठिकाणे घेतली तर 20 होतात. प्रत्येक ठिकाणी तीनदा जावे: एकदा उन्हाळ्यात, एकदा भर पावसाळ्यात आणि एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी, कारण बाजाराच्या दिवशी रॅम्पच्या तोंडाशी मोटारसायकली लागतात. अशा 60 भेटी होतात. तालुक्याच्या पातळीवरची ही चारही कार्यालये जिल्हाभर पाहिली म्हणजे नमुना कसा निवडला, हा प्रश्नच उरत नाही. आठ जिल्ह्यांचा मोह सोडावा. एका जिल्ह्याचे काम नीट झाले तर तीच पद्धत पुढे लातूर-बीडला नेता येते, आणि तसे प्रस्तावातही लिहिता येते.

हे काम आत्ताच का करायचे, याचे उत्तर प्रस्तावाच्या पहिल्या पानावर असावे आणि ते भावनेपेक्षा कायद्याच्या आधाराने द्यावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये संमत झाला, एप्रिल 2017 मध्ये लागू झाला आणि त्याचे नियम 15 जून 2017 रोजी अधिसूचित झाले. अधिनियमाच्या कलम 45 नुसार अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून 5 वर्षांच्या आत सुगम्य व्हायच्या होत्या. राज्यांच्या तयारीप्रमाणे मुदतवाढ देण्याची तरतूद कलमात आहे, पण मूळ मुदत जून 2022 मध्ये संपली. पुढे 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेविषयीच्या राजीव रतुरी प्रकरणात नियमावलीतील नियम 15(1) मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवला, कारण अधिनियमाला बंधनकारक मानके अपेक्षित असताना नियमाने ती केवळ शिफारशीच्या पातळीवर ठेवली होती. त्या निकालातील एक गोष्ट आपल्या फार उपयोगाची आहे. ज्यात तडजोड होऊच शकत नाही असे किमान नियम आणि टप्प्याटप्प्याने गाठायची मानके, असा भेद न्यायालयाने केला. ग्रामीण भागात, तीनचाकी वापरणाऱ्यासाठी, हे किमान नेमके काय असावे? रॅम्पचा उतार की अंगणातली फरशी, की उघड्या खोलीत ठेवलेली व्हीलचेअर? आपला अभ्यास या प्रश्नाला मोजमापांसह उत्तर देऊ शकतो, आणि हे वाक्य तपासणाऱ्याला थांबायला लावते. संशोधनाला चालना देणे हे सरकारचे कर्तव्य असल्याचे याच अधिनियमाच्या कलम 28 मध्ये म्हटले आहे. त्याचाही उल्लेख एका ओळीत करावा.

आकडेवारी देताना मात्र जपून. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 2 कोटी 68 लाख दिव्यांग व्यक्तींची, म्हणजे लोकसंख्येच्या 2.21 टक्क्यांची नोंद झाली, आणि बहुतेक प्रस्ताव याच आकड्याने सुरू होतात. ती गणना 8 प्रकारांवर आधारलेली होती आणि 2016 च्या अधिनियमात 21 प्रकार आहेत. जुना आकडा आणि नवी व्याख्या एकाच परिच्छेदात शेजारी ठेवली की जाणकार तपासनीस लगेच खूण करतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची 76 वी फेरी 2018 च्या जुलै ते डिसेंबरात झाली, तिच्यातील 2.2 टक्के हे प्रमाणही देता येईल, पण तिथेही व्याख्या कोणती ते लिहावे. शिवाय गुडघ्यांनी हैराण झालेली सत्तरीची आजी कोणत्याच प्रमाणपत्रात नसते आणि रॅम्प तिलाही लागतो. आपण फक्त 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्रधारक घेणार की अडचण असलेली कोणतीही व्यक्ती, हे सुरुवातीलाच ठरवून लिहावे.

आता योजना. प्रश्न ठरल्यावर ही निवड फारशी अवघड राहत नाही. लोक इमारतीत कसे वावरतात, कर्मचारी कसे वागतात, मदत कोण करते, कामासाठी किती फेऱ्या पडतात, असा भर असेल तर भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएसएसआर, हे आपले पहिले दार. तिचे संशोधन प्रकल्प जाहिरात निघाली की ठरावीक मुदतीत मागवले जातात आणि प्रस्ताव इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावा लागतो. कागदपत्रे जाहिरात निघण्याआधीच तयार ठेवावीत. तीनचाकीच्या रचनेत बदल, चिखलात न रुतणारे चाक, जोडता-काढता येणारा रॅम्प असे काही घडवायचे असेल तर केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची दिव्यांग व वृद्ध व्यक्तींसाठीच्या तंत्रज्ञानाची ‘टाइड’ ही योजना पाहावी. तिथे अभियंता सहसंशोधक हवाच. तिसरे दार केंद्राच्या दिव्यांगजन सशक्तीकरण विभागाचे, ज्याच्या ‘सिपडा’ या छत्रयोजनेखाली दिव्यांगत्वाशी निगडित तंत्रज्ञान, उत्पादने आणि प्रश्न यांवरील संशोधनाला साहाय्य देण्याची तरतूद आहे. आपल्या प्रश्नाचे स्वरूप पाहता मी आयसीएसएसआरपासून सुरुवात करीन. संशोधनाला निधी देणाऱ्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा अधिनियम 2023 चा आहे आणि जुने विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ त्यात विलीन झाले, त्याची चर्चाही बरीच होते. परंतु आपल्यासारख्या पहिल्याच प्रकल्पासाठी तिकडे धाव घेण्याचे कारण मला दिसत नाही. राज्याचा स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग डिसेंबर 2022 पासून आहे. त्याचे पाठिंब्याचे पत्र मिळाले तर फार उपयोग होतो. ग्रामपंचायती आणि इतर स्थानिक संस्थांना स्वउत्पन्नातील 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते, ती संशोधनाला मागू नये, पण अभ्यासानंतर दुरुस्त्या कोणत्या पैशांतून होतील याचे उत्तर म्हणून तिचा उल्लेख करावा.

कोणत्याही केंद्रीय संस्थेकडे जाण्याआधी महाविद्यालय विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियमाच्या कलम 2(एफ) (मान्यता) व 12(बी) (केंद्रीय अनुदानाची पात्रता) खाली येते का, ते कार्यालयात विचारून घ्यावे. अनेक ठिकाणी पहिले असते आणि दुसरे नसते, आणि हे अर्जाच्या शेवटच्या दिवशी कळते.

आपण अभियंता नाही, हे आड येणार नाही, पण उणीव झाकूही नये. जवळच्या शासकीय तंत्रनिकेतनातील किंवा नांदेडच्या श्री गुरू गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्थेतील स्थापत्य विभागातल्या एखाद्या शिक्षकाला सहसंशोधक म्हणून घ्या. उतार, रुंदी आणि उंची यांची मोजमापे त्यांच्या सहीनिशी आली म्हणजे कुणी शंका घेत नाही. आणि आपल्या त्या माजी विद्यार्थ्याला ‘उत्तरदाता’ म्हणून नोंदवू नका, क्षेत्र संशोधक म्हणून नेमा, मानधनासह. तो जे पाहील ते आपण आणि मी उभ्याने पाहू शकत नाही.

यावरून अंदाजपत्रकाकडे येतो, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या अनुभवात तपासणारा माणूस उद्दिष्टे चाळतो आणि अंदाजपत्रक वाचतो. सुगम्यतेवरच्या प्रकल्पाचे अंदाजपत्रक सुगम्य नसेल तर बाकीच्या पानांवर विश्वास बसत नाही. माझीच फजिती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेच्या पैशांवर आम्ही कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या शिक्षणाविषयी एक छोटे सर्वेक्षण केले होते. सांकेतिक भाषेच्या दुभाषाची तरतूद मी केलीच नव्हती. शाळेतले शिक्षक सांभाळून घेतील असे गृहीत धरले. पहिल्याच दिवशी एक मुलगा माझ्या प्रत्येक प्रश्नाला हसून मान डोलवत होता. चौथ्या प्रश्नाला माझ्या लक्षात आले की मी परस्परविरोधी प्रश्न विचारले होते आणि त्याने दोन्हींना होकार दिला होता. त्या दिवसाच्या 31 प्रश्नावल्या रद्दीत गेल्या, आणि दुभाषासाठी पैसे दुसऱ्या शीर्षातून वळवायला परवानगी मागितली ती प्रकल्प संपत आल्यावर मिळाली.

तेव्हा आपल्या अंदाजपत्रकात असे खर्च नावानिशी येऊ द्या. क्षेत्र संशोधकाचे मानधन. त्याच्या सोबत्याचा प्रवास. एसटीत 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांना भाड्यात 75 टक्के सवलत असते, म्हणून त्याचे पूर्ण भाडे लावू नका, लेखापरीक्षक विचारतील. मात्र तीनचाकी एसटीत चढत नाही, तिला सेनगावहून वसमतला न्यायला छोटा हत्ती भाड्याने घ्यावा लागेल, आणि तो 60 भेटींपैकी किती भेटींना लागेल ते मोजून लिहा. हा एक आकडा पाहिला तरी अर्जदाराने काम मनात एकदा करून पाहिले आहे हे वाचणाऱ्याला कळते. दृष्टिहीन सहभागी असतील तर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या पडदावाचक सॉफ्टवेअरसाठी मोठी रक्कम मागू नये, एनव्हीडीए विनामूल्य मिळते. उलट मराठी अहवाल युनिकोडमध्ये आणि पडदावाचकाला वाचता येईल अशा स्वरूपात तयार करण्याचा खर्च जरूर धरावा. उपकरणांत मोठ्या वस्तू नकोतच: मोजपट्टी, अंशमापक, साधा कॅमेरा. लॅपटॉपची मागणी सगळेच करतात. महाविद्यालयात असेल तर आपण करू नये.

नीतिशास्त्र समितीचा प्रश्न आपण समजता तेवढा अवघड नाही. आपले महाविद्यालय नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात येते. विद्यापीठाच्या संशोधन विभागात किंवा समिती असलेल्या दुसऱ्या संस्थेत आपला प्रस्ताव पाहिला जाईल का, हे लेखी विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत तो पत्रव्यवहारच अर्जासोबत जोडावा. संमतिपत्राकडे मात्र बारकाईने लक्ष द्या. छापील मराठीचे दोन पानी संमतिपत्र तांड्यावरच्या गोरमाटी बोलणाऱ्या बाईला किंवा दखनी बोलणाऱ्या म्हाताऱ्या चाचांना वाचून दाखवले म्हणजे संमती मिळाली असे होत नाही. तोंडी संमती कशी घेणार, साक्षीदार कोण, घरातला कर्ता ‘हो’ म्हणाला पण स्वतः व्यक्ती गप्प राहिली तर काय करणार, हे चार-पाच ओळींत लिहा. फोटोंचेही तसेच. हातांवर सरकत पायऱ्या चढणाऱ्या माणसाचा फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर टाकण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. आपण रॅम्पचा फोटो घ्या, माणसाचा नको.

परवानग्यांची पत्रे अर्जाबरोबर जोडली तर प्रस्तावाचे वजन वाढते. तहसील कार्यालयांसाठी जिल्हाधिकारी, पंचायत समित्यांसाठी जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, रुग्णालयांसाठी जिल्हा शल्यचिकित्सक, स्थानकांसाठी एसटीचे विभाग नियंत्रक. पत्रात ‘तपासणी’ हा शब्द वापरू नका. अधिकाऱ्याला वाटते आपण तक्रार करायला आलो आहोत. ‘अभ्यास’ म्हणा, निष्कर्ष आधी कार्यालयाला दाखवू असे लिहा, आणि तसे खरोखर करा.

मंजुरी मिळालीच तर पुढचे दोन-तीन व्यवहार आजच ठाऊक असलेले बरे. पैसे हप्त्यांनी आणि केंद्राच्या पीएफएमएस या ऑनलाइन वित्तीय प्रणालीतून येतात, त्यामुळे महाविद्यालयाची तिथली नोंदणी आधी पाहावी. प्रत्येक आर्थिक वर्षाचे उपयोगिता प्रमाणपत्र सामान्य वित्तीय नियमांतील 12-अ नमुन्यात द्यावे लागते. अनुदानावर मिळालेले व्याज आपले नसते, ते सरकारजमा करायचे असते. काही महाविद्यालये ते पैसे सहज दुसरीकडे वापरतात आणि शेवटच्या हप्त्यासाठी वर्षभर खेटे घालतात. पुढचा हप्ता उशिरा आला तर क्षेत्र संशोधकाचे मानधन थकू नये, म्हणून प्राचार्यांशी आणि संस्थाचालकांशी आधीच बोलून दोन महिन्यांची सोय लेखी करून घ्या. पगारदार प्राध्यापक वाट पाहू शकतो. तीनचाकीवर फिरून रोजी कमावणारा माणूस पाहू शकत नाही.

आपण विचारले नाही, तरी शीर्षकाविषयी सांगतो. ‘एक समग्र अभ्यास’, ‘एक चिकित्सक अध्ययन’ ही शेपटे काढून टाका. ‘फाटकापासून खिडकीपर्यंत: हिंगोली जिल्ह्यातील सार्वजनिक कार्यालयांत तीनचाकी वापरणाऱ्या व्यक्तींचा वावर’ असे काहीसे चालेल, इंग्रजीतही ते साधेच ठेवा.

जुना प्रस्ताव दुरुस्त करत बसू नका, तो बाजूला ठेवून दोन पानांचे नवे टिपण लिहा: प्रश्न, 20 ठिकाणे, 3 भेटी, माणसे, पैसे. ते लिहिण्याआधी एका कार्यालयाचे मोजमाप झालेले असू द्या, म्हणजे पहिल्याच परिच्छेदात खरा उतार आणि खरी उंची लिहिता येईल. विद्यार्थ्याला विचारून त्याच्या सोयीचा दिवस घ्या, सकाळी दहाच्या आत पोहोचा, कारण नंतर रॅम्पवर गाड्या लागतात. आणि पोहोचल्यावर ती किल्ली कोणाकडे असते ते विचारायला विसरू नका.